हर्णैच्या बंदरावरची नणंद

लग्नाला अठरा वर्षं झाली तेव्हा मला कळलं, की मला एक सख्खी नणंद आहे आणि ती जिवंत आहे.

तोवर मला ठाऊक होतं ते एवढंच. आमच्या मालकांचं, गुरुपादप्पांचं, गाव किल्लारीच्या अंगाला. त्र्याण्णवच्या भूकंपात आई, वडील, आजी सगळी मातीच्या माळवदाखाली गेली. हे बाहेर ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. पंधरा वर्षांचे होते. रेल्वेत कामाला असलेल्या महादेवप्पा मामांनी त्यांना मुदखेडला आणलं, वाढवलं. माझं माहेर मुदखेडचंच. सोयरीक ठरवताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "पोराच्या मागं कोण हाय?" मामा म्हणाले, "मागं कुणीच न्हाई." मालक खाली मान घालून बसले होते. आम्हाला वाटलं, दुःखानं.

लग्नानंतर आम्ही नांदेडला राहिलो. विष्णुपुरीकडं शिकणारी पोरं खोल्या करून राहायची, त्यांच्यासाठी मालक मेस चालवायचे, मी डबे भरायची. मग लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. आम्ही दोन हजार नऊ साली तिकडं गेलो आणि क्लासच्या मागच्या गल्लीत मुलींचं हॉस्टेल घेतलं. खाली मेस, वर खोल्या. दर जूनमध्ये एसट्या, जीपगाड्या भरून आईबाप यायचे. गादी, बादली, कुकरएवढा लाडवांचा डबा आणि एक पोरगी, असं आमच्या दारात ठेवून जायचे. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर झालेल्या पोरांचे हसरे फोटो लावलेले. आमच्या मुली त्या फोटोंखालून पहाटे सहाला क्लासला जायच्या, ते संध्याकाळीच परत. मालक त्यांचं फार करायचे. कुणाला ताप आला की पेज, कुणाची टेस्ट बिघडली की शिरा. माझी स्वतःची ऋतुजा कधीकधी रुसायची, पप्पा माझ्यापेक्षा त्यांचेच जास्त म्हणून.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये देगलूरची मनतशा आली. वडील अजीजभाई, शिंपीकाम करणारे. जाताना पोरगी रडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "रडू नको बेटा. इतवारी येतो ना मी, अम्मीला घेऊन."

रविवारी सकाळी आठला ती केस विंचरून फाटकाच्या पायरीवर बसली. अकराला अजीजभाईंचा फोन आला, की नात्यात मयत झालीय, आज जमत नाही, उद्या येतो. मी तिला सांगितलं. ती "हाव आंटी" म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. जेवायला उठली नाही. गल्लीत रिक्षा वळली की मान वर करायची. चार वाजेपर्यंत हेच.

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील आले, पोरगी हसली, खाल्लं, विषय संपला. पण आमच्या मालकांचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. रविवारी दुपारपासून त्यांनी तोंडात घास घातला नव्हता. मुलींना वाढायला उभे राहिले की हातातला पळा तसाच राहायचा. मंगळवारी दुपारी मी कणीक मळत होते, ते समोर कांदे चिरत बसले होते. मी म्हटलं, "काय झालं सांगणार हाव का न्हाई?"

ते म्हणाले, "मला एक बहीण हाय."

मला वाटलं, जुनं काही आठवलं असेल. "होती," मी म्हटलं.

"होती न्हाई. हाय. असंल. नागम्मा नाव तिचं."

आणि कांदा चिरता चिरताच त्यांनी सगळं सांगितलं. नागम्मा तेव्हा सहा वर्षांची होती. घर बसलं तेव्हा ती कणगीच्या आडोशाला अडकली. मालकांनी दुपारपर्यंत हातांनी दगडमाती उपसून तिला बाहेर काढलं, जिवंत. मग महिनाभर दोघं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ती ह्यांच्या सदऱ्याचं टोक धरल्याशिवाय झोपायची नाही. मामा आले. त्यांच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं. मामा म्हणाले, पोराला मी नेतो, कामालाही येईल. पोरीला पुण्याच्या संस्थेचे लोक न्यायला तयार आहेत. एक वर्ष राहू दे, मग बघू. लातुरातून संस्थेची जीप निघाली. तिनं ह्यांचा सदरा धरला तो सोडेना. ह्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि सांगितलं, "मी दर रविवारी येतो."

"मग?" मी विचारलं.

"गेलो न्हाई."

"मामांनी जाऊ दिलं न्हाई का?"

"पयल्या वर्षी म्हणले, पुणं काय जवळ हाय का. मग मी विचारलंच न्हाई." त्यांनी दुसरा कांदा घेतला. "मामावर ढकलून काय उपेग? मी अठराचा झालो, कमवायला लागलो. नांदेडाहून पुण्याला रोज गाडी जायची. मी गेलो न्हाई. तिचं एक कार्ड आलं होतं, मोठ्ठ्या अक्षरात. वाचलं. काय लिहावं कळंना. मग दुसरं आलं. ते मी वाचलंच न्हाई. जितकं लांबलं तितकी लाज वाढत गेली. मग तू आलीस, तुला मामांनी कुणीच न्हाई म्हणून सांगितलेलं. तेच बरं वाटलं."

मी कणकेचा हात तसाच धरून बसले. मला राग आला होता, अठरा वर्षं माझ्यापासून लपवल्याचा. पण त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस रोज दुसऱ्यांच्या पोरींना गरम वरण वाढतो, त्यांच्या आयांना फोन लावून देतो. हे सगळं तो कशासाठी करत होता ते मला एकदम दिसलं.

शोधाशोध मीच केली. ह्यांचा हात फोनकडं जात नव्हता. ती संस्था आता दुसरीकडं हलली होती. दोन-तीन नंबर फिरवल्यावर तिथल्या एका निवृत्त बाई सापडल्या. नागम्मा म्हटल्यावर त्यांना काही आठवेना. किल्लारीकडची, सहा वर्षांची, म्हटल्यावर म्हणाल्या, "अहो, ती नयना. नागम्मा म्हणून मुली चिडवायच्या, म्हणून शाळेत घालताना नाव बदललं. दोन हजार आठला तिचं लग्न झालं. कोकणात दिली, हर्णैला. नवऱ्याची होडी आहे. ती बंदरावर मासळी विकते. शनिवार-रविवार गेलात तर नक्की भेटेल, तेव्हा गर्दी असते."

मालक पलीकडं उभे होते. मी फोन ठेवला तशी त्यांनी मान हलवली, जणू ती जिवंत असणार हे त्यांना आधीच माहीत होतं.

तरी निघायला जानेवारी उजाडला. कधी टेस्ट सिरीज, कधी पाहुणे, कधी नुसतंच "बघू". शेवटी मीच तिकिटं काढली आणि मेस माझ्या आईवर सोपवली. जाताना मी ज्वारीच्या कडक भाकरी बांधल्या, शेंगाची चटणी कुटून घेतली, आणि एक इरकली साडी घेतली, हिरवी. नणंदेकडं पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? लातूरहून पुणे, पुण्याहून दापोली. शनिवारी लॉजवर उतरलो. मालक रात्रभर कूस बदलत होते, मी झोपेचं सोंग घेतलं. रविवारी सकाळी हर्णैची एसटी धरली.

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. एसटीतून उतरलो आणि वास आला तसा मी पदर तोंडाशी धरला. मालकांनी गळ्यातला पंचा नाकाला लावला. चार पावलं गेले आणि त्यांनी तो काढून खिशात कोंबला. 

समोर समुद्र. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, पण बघायची सवड कुठं होती! होड्या लांब पाण्यात थांबलेल्या. त्यांच्यापर्यंत चक्क बैलगाड्या चाललेल्या, बैल पोटापर्यंत पाण्यात. आमच्याकडच्यासारखेच बैल, पण डोळे मिटून लाटा अंगावर घेत उभे. गाड्यांतून मासळीच्या पाट्या वाळूवर उतरत होत्या. पाटी टेकली की तिच्याभोवती माणसांचं कडं. एक बाप्या भराभर आकडे ओरडायचा, कुणीतरी हात वर करायचं, की झालं, ढीग उचलला. वाळू कुठली, नुसता चिखल, बर्फाचं पाणी आणि खवले. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग पार वरच्या रस्त्यापर्यंत लागलेली. गॉगल लावलेली माणसं पँटी दुमडून, नाक मुरडत, हसत, मोबाईलवर फोटो काढत हिंडत होती. "केवढ्याला सुरमई?" "कोळंबी ताजी आहे ना?" प्रत्येक पाटीपुढं तेच.

एका म्हाताऱ्या कोळणीला मी विचारलं, "नयना कुठं बसते?"

"कुठली नयना? इथं तिघी आहेत."

"पुण्याहून लग्न होऊन आलेली. संस्थेतली."

"ती होय. ती बघा, निळ्या ताडपत्रीखाली. काय, सुरमई पाहिजे का? माझ्याकडं पण आहे."

निळ्या ताडपत्रीखाली चार बायका ओळीनं बसल्या होत्या. मी मालकांकडं बघितलं. ते एकीवरून दुसरीवर नजर फिरवत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कोण हाय गं? मला वळखू येईना." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला त्यांच्याकडं बघवेना.

मला मात्र ओळखू आली. तिसरी. वय तीस-बत्तीस, उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोचलेला. ती मनातल्या मनात हिशोब करताना खालचा ओठ दातांत धरत होती. गणित सोडवताना आमची ऋतुजा अगदी तस्साच धरते.

"ती," मी म्हटलं. "जा."

मालक गर्दीत शिरले. मी दोन पावलं मागं थांबले. त्यांची पाळी आली तेव्हा तिनं वर न बघताच विचारलं, "काय देऊ दादा?"

 त्यांनी बोटानं दाखवलं. "हे."

"पापलेट? किती? हा वाटा सगळाच घ्या, चार आहेत, सकाळचीच आहेत." तिनं मासे उचललेसुद्धा. "साफ करून देऊ?"

"हाव."

ती एकदम थांबली. हातात मासा, दुसऱ्या हातात कोयता, आणि मान वर. त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, माझ्या साडीकडं, कपाळावरच्या विभूतीकडं.

"लातूरकडचे काय तुम्ही?" तिनं विचारलं. "मी पण तिकडचीच. भूकंपातली." हे तिनं सहज सांगितलं, सवयीनं, जसं कुणी माहेरचं गाव सांगतं तसं. आणि ती मासा कापायला लागली.

मालक म्हणाले, "नागम्मा."

कोयता खाली आला आणि तिथंच राहिला. तिनं वर बघितलं नाही. मागून एक पुण्याची बाई म्हणाली, "अहो, आमचं घ्या ना, किती वेळ!" नयनानं मासे पिशवीत भरले, पिशवी मालकांच्या हातात दिली, पैसे घेतले आणि त्या बाईला म्हणाली, "बोला ताई, काय देऊ?"

आम्ही बाजूला झालो. मालकांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मला माहीत होतं, गेलं. पाऊण तास आम्ही उन्हात उभे होतो आणि ती विकत होती. भाव करत होती, कापत होती, एकाशी भांडलीसुद्धा. एकदाही आमच्याकडं बघितलं नाही, पण आमची जागा तिला पाठ झाली होती. पाटी रिकामी होत आली तेव्हा तिनं उरलेल्या मासळीवर ओलं गोणपाट टाकलं, शेजारणीला काहीतरी सांगितलं, पाण्यात जाऊन हात धुतले आणि सरळ आमच्याकडं आली.

"तिकडं बसू," ती म्हणाली. तिथं एक जुनी होडी उलटी घातलेली होती. तिच्या सावलीत आम्ही तिघं बसलो. ती आमच्यापासून हातभर लांब.

"मामा आहेत?" तिनं विचारलं.

"वारले. दोन हजार सहाला."

"तू काय करतोस?"

"लातूरला हॉस्टेल हाय. मेस. क्लासला येणाऱ्या पोरींचं."

"मुलींचं?"

"हाव."

"म्हणजे दुसऱ्यांच्या मुली सांभाळतोस."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं, खात्री करून घ्यावी तसं म्हणाली. मालकांनी मान खाली घातली. पापलेटची पिशवी त्यांच्या पायाशी होती, तिच्यातून तांबूस पाणी वाळूत झिरपत होतं.

"माझी कार्डं मिळाली होती?"

"पयलं वाचलं," मालक म्हणाले. "दुसरं वाचलं न्हाई. हिंमत झाली न्हाई."

ती समुद्राकडं बघत राहिली. "दुसऱ्यात लिहिलं होतं, की तू आला नाहीस तरी चालेल. फक्त पत्र टाक. इथं सगळ्यांना पत्रं येतात."

मालक एकदम रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिनं ठेवला नाही.

"मी दोन वर्षं बसले रविवारी," ती म्हणाली. "मग मुली विचारायला लागल्या, तुझा भाऊ येत का नाही. मी सांगितलं, तोपण गेला. मागाहून गेला, दवाखान्यात. तेव्हापासून कुणी विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनाही तेच सांगितलं. माझ्या पोरांना मामा नाही. शहेबाज म्हणून शेजारचा मुलगा आहे, त्याला चार मामा. माझी पोरगी मला विचारते, आपला मामा कसा दिसायचा. मी काहीतरी सांगते. तीस सप्टेंबरला मी चार पानं वाढते. आईचं, बाबांचं, आजीचं आणि तुझं."

"नागम्मा, मी..."

"नयना. इथं नयना म्हण." ती आता माझ्याकडं वळली. "वहिनी, तुम्हीच सांगा. मी आता घरी काय सांगू? की तो मेला नव्हता, जिवंत होता, नुसता आला नव्हता? मेलेला भाऊ बरा होता हो. त्याच्यावर राग नव्हता माझा."

 मी पिशवीतून भाकरीचं गाठोडं आणि साडी काढून तिच्यापुढं धरली. तिनं गाठोडं उघडलं, एक भाकरी हातात घेतली, मोडली, वास घेतला. चटणी चिमूटभर जिभेवर ठेवली. बराच वेळ तिनं ती गिळली नाही. मग गाठोडं बांधून आपल्या मांडीवर घेतलं. साडीची घडी मात्र तिनं हात पुसून, नीट, दोन्ही हातांनी माझ्याकडं परत केली.

"ही नको. कुठून आली विचारतील."

तेवढ्यात वाळूतून एक उंच गडी हाक मारत आला. "नयना! गिऱ्हाईक उभं आहे आणि तू इथं?" अंगात भिजलेला बनियन, खांद्यावर जाळं. आम्हाला बघून थांबला. "कोण गं हे?"

तिचा चेहरा क्षणभर अगदी सहा वर्षांच्या पोरीसारखा झाला, चोरी पकडल्यासारखा. मग ती म्हणाली, "गिऱ्हाईक. लातूरचे आहेत. माझ्या गावाकडचे निघाले, म्हणून बसले बोलत."

"अरे वा!" त्या भल्या माणसाचं तोंड फुललं. तो आमच्यापुढं वाळूतच बसला. "अहो, अकरा वर्षांत हिच्या गावाकडचं कुणी म्हणजे कुणी आलं नाही. घरी चला, जेवूनच जा. ताजी सुरमई आहे."

"ते खात नाहीत आपल्यातलं," ती पटकन बोलली.

"नाही खात? मग हे पापलेट कुणाला?"

मालकांनी पिशवीकडं असं बघितलं, जणू ती तिथं कुणी ठेवली त्यांना ठाऊकच नव्हतं. "शेजाऱ्यांनी सांगितलं होतं," ते पुटपुटले. लातूरपर्यंत कुणी पापलेट नेत नाही हे त्या माणसाला कळलं असणार. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं.

"तुम्ही हिच्या गावचेच?" त्यानं मालकांना विचारलं. "मग हिच्या घरच्यांना ओळखत असाल. हिला काही फारसं आठवत नाही हो. हिचा एक भाऊ होता. ओळखायचा का त्याला?"

समोर बैलगाडीवाला ओरडत होता, लिलावाचे आकडे चालू होते. नयना गाठोड्याच्या गाठीकडं बघत होती. मला वाटलं, आता हे सांगून टाकतील. सांगून टाकावं असं मला वाटत होतं, आणि सांगू नये असंही.

"हाव," मालक म्हणाले. "वळखायचो."

"कसा होता?"

"पोरगाच होता. पंधरा वर्षांचा."

"म्हणतात, त्यानंच हिला ढिगाऱ्यातून काढलं."

"हाव. काढलं त्यानं."

"देवमाणूस," तो म्हणाला. "वर्षातून एकदा आम्ही त्याचं नाव घेतो. पोरांनाही सांगतो, तुमच्या मामानं हाताची सालटं काढली, म्हणून तुमची आई आहे."

मालक उठले. उभं राहताना त्यांचा तोल गेला, मी धरलं. "आमची एसटी हाय," ते त्या माणसाला म्हणाले. "येतो." मग तिच्याकडं वळून, अनोळखी बाईला करावा तसा नमस्कार केला. तिनंही हात जोडले. मी जाता जाता आमच्या मेसचं कार्ड तिच्या गाठोड्यात सरकवलं. तिनं बघितलं, पण काढून दिलं नाही.

पापलेट मालकांनी स्टँडवर एका हमालाला देऊन टाकली.  घाट लागला तेव्हा एवढंच म्हणाले, "ती खोटं बोलली न्हाई. तिचा भाऊ तवाच मेला." मी म्हटलं, "गप बसा." दुसरं काय म्हणणार?

लातूरला आल्यावर आम्ही ऋतुजाला सगळं सांगितलं. ती वडिलांशी महिनाभर नीट बोलली नाही. मालकांनी तेही मुकाट्यानं घेतलं. मेस चालूच होती. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, मेमध्ये मोठी परीक्षा, पोरी दिवसरात्र पुस्तकात. मनतशाला रविवारी भेटायला तिचे वडील येत होते, कधी येत नव्हते. ज्या रविवारी येत नसत त्या रविवारी मालक तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसायचे.  एकदा ती मला म्हणाली, "अंकल को बोलो ना आंटी, मी आता रडत नाही." मी सांगितलं. तरी ते बसायचे.

जुलैमध्ये, एका संध्याकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं पावसाचा आवाज होता.

"वहिनी, मी हर्णैहून बोलतेय."

मालक समोरच तांदूळ निवडत होते. माझा चेहरा बघून त्यांचे हात थांबले. मी तिला हळूच विचारलं, "त्यांना देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "तुम्हीच विचारून सांगा. आईचं नाव काय होतं? संस्थेच्या कागदावर नाही. मी तिला नुसतं अव्वा म्हणायची. पोरीनं शाळेत वंशवृक्ष काढायला घेतलाय, तिला आजीचं नाव पाहिजे."

मी मालकांना विचारलं. त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मग म्हणाले, "गंगम्मा."

"गंगम्मा," मी सांगितलं.

पलीकडं तिनं ते हळूच म्हणून बघितलं. मग कुणालातरी सांगत असल्यासारखं, अक्षर अक्षर सुटं करून परत म्हणाली. कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज मला आला की तो नुसता पाऊसच होता, कुणास ठाऊक.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

मी फोन खाली ठेवला. मालक ताटातल्या तांदळात बोटं घालून बसले होते.

"आणि काय म्हणली?"

"काही न्हाई."

"माझं काही विचारलं?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या घरात आधीच पुष्कळ खोटं झालं होतं. "न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वरच्या मजल्यावर क्लास सुटून आलेल्या मुलींच्या चपला वाजायला लागल्या. ते उठले, ताट बाजूला ठेवलं आणि पातेल्याखालचा गॅस मोठा केला.